उमरेडच्या शेराचा वैरी

सकाळी सहाच्या सुमारास मागच्या अंगणातून धप्प असा आवाज यायचा. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा धप्प. नागपूरच्या महाल भागातल्या त्या घरात मी भाड्याने राहायला आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणी तरी गच्चीवरून धान्याची पोती खाली टाकतंय. घरमालकीण काकू चहा गाळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सुखदेव पडून राह्यला. घाबरू नको."

सुखदेव मेश्राम मागच्या टिनाच्या खोलीत एकटे राहायचे. चाळिशी उलटलेली, खांदे रुंद, पोट सुटलेलं, आवाज मात्र एवढा हळू की दुसऱ्यांदा विचारावं लागे. दिवसभर ते गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात गाठी उचलायचे. सकाळी अंगणात दोन जुन्या गाद्या अंथरायच्या आणि त्यांवर उभ्याउभ्या मागे पडायचं, हा त्यांचा नेम होता. हनुवटी छातीला टेकलेली, दोन्ही तळहात एकाच वेळी जमिनीवर आपटलेले. उठायचं, पुन्हा पडायचं. असं वीस वेळा झालं की गाद्यांची घडी घालून, आंघोळ करून ते कामाला जात. हे काय चाललंय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "प्रॅक्टिस हाय." कशाची, तर म्हणे पडायची.

मी उमरेडची. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बी.ए. होऊन मी नागपुरात आले, सदरमधल्या एका ऑफिसात टायपिंगचं काम धरलं आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू लागले. परीक्षेच्या महिन्यात एक दिवस सकाळचा धप्प आवाज बंद झाला. मला वाटलं, सुखदेवभाऊ आजारी पडले. काकूंनी सांगितलं की तसं काही नाही. पोरगी पहाटे अभ्यासाला बसते म्हणून तो गाद्या डोक्यावर घेऊन मैदानावर पडायला जातो. मला ते स्वतः कधीच बोलले नाहीत. आभार मानले तर म्हणाले, "तिथं माती मऊ हाय. माह्याच फायद्याचं झालं."

त्यांनी मलाही पडायला शिकवलं होतं. मी सेकंडहँड स्कूटी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी आडवी झाले. मनगट सुजलं. त्या रविवारी त्यांनी मला गाद्यांसमोर उभं केलं. पडताना माणूस आधी हात पुढे करतो आणि हात मोडून घेतो, असं त्यांचं म्हणणं. अंग सैल सोडायचं, मान आत घ्यायची आणि जमिनीला जेवढी जास्त पाठ देता येईल तेवढी द्यायची. "पडाले लाजू नोको, पोरी," ते म्हणाले. "लाजलं का हाड मोडते." काकू दारात उभ्या राहून हसत होत्या.

ते नेमकं काय करतात, हे मला चार महिन्यांनी कळलं. एका दुपारी पाऊस येईलसं वाटलं म्हणून मी दोरीवरचे सगळ्यांचे कपडे काढत होते. त्यांच्या लुंगीखाली एक वस्तू लपवून वाळत घातली होती. मी ती हातात घेतली. काळ्या कापडाचा, डोक्यावरून पूर्ण चढवायचा मुखवटा होता तो. डोळ्यांना लाल किनार, नाकावर चामड्याची पिवळी चोच शिवलेली.

तो मुखवटा मी ओळखत होते. उमरेडच्या लहान मुलानेही ओळखला असता. तो काला गिद्ध होता.

मी बारावीत असताना आमच्या गावच्या मैदानावर रिंगवाल्या कुस्त्या झाल्या होत्या. मातीतल्या कुस्त्या वेगळ्या. या म्हणजे चौकोनी रिंगण, दोर, झगझगीत दिवे, भोंग्यावर हिंदीतून ओरडणारा माणूस. आमच्या गावचा गजानन त्यात लढायचा. शाळेमागच्या गल्लीत त्याचं घर, घरात फक्त आई. पंजाबपासून रायपूरपर्यंत तो फिरला होता, आणि गाव त्याला उमरेडचा शेर म्हणायचं. त्या संध्याकाळी त्याची लढत काल्या गिद्धाशी होती. माझे वडील, जे घरी कधी आवाज चढवत नाहीत, तेही उभे राहून त्या गिधाडाला शिव्या देत होते. लोकांनी चपला फेकल्या. शेवटी शेराने गिधाडाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं, मैदान नुसतं गरजलं, आणि तेवढ्यात शेराचे पाय वाकले. गिधाड त्याच्या मानेवर कोसळलं. गजानन उठलाच नाही. आणि तो काला गिद्ध त्याच्यावर पाय ठेवून, दोन्ही हात पसरून हसत राहिला.

गजानन त्या दिवसापासून कमरेखाली हलला नाही. आणि ते हसणं आमचं गाव विसरलं नाही.

मी मुखवटा पुन्हा लुंगीखाली टांगला आणि सुखदेवभाऊंशी बोलणं बंद केलं. काहून बोलत नाहीस, असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. आठव्या दिवशी ते पायरीशी येऊन उभे राहिले. "मुखवटा उलटा टांगला होता तुनं," ते म्हणाले. "मी चोच भिंतीकडं करून टांगतो. तू उमरेडची हाय, हे काकूनं आज सांगितलं. गजूले ओळखते?"

मी म्हटलं, सगळं गाव ओळखतं. तुम्हालाही ओळखतं.

ते पायरीवर बसले आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

त्या कुस्त्यांत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. मार मात्र खरा असतो. तो कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा, ती विद्या आहे. गजानन आणि ते एकाच उस्तादाकडे पंजाबात शिकले. अकरा वर्षं एकमेकांविरुद्ध लढले. कुठली कंपनी नाही, पगार नाही. जत्रेतून, मेळ्यातून फोन यायचा, की आपापली बॅग उचलून जायचं. गजानन देखणा, म्हणून तो नायक. सुखदेवभाऊ हरायचे. "जितणारा दिसाले पाहिजे," ते म्हणाले, "पण त्याले जितवणारा खाली असते." दर लढतीत एकाची मान दुसऱ्याच्या हातात असायची. एवढा विश्वास त्यांनी सख्ख्या भावावरही टाकला नव्हता.

लढताना बोलता येत नाही, म्हणून हाताची खूण असते. खाली पडलेल्याचा हात धरायचा. त्याने दोनदा दाबला तर तो ठीक आहे, पुढे चला. हात ढिला राहिला तर थांबा. त्या संध्याकाळी रिंगणाखालची एक फळी सरकली होती. गजानन तिथे मानेवर पडला. सुखदेवभाऊंनी गळा दाबायचं सोंग करत वाकून त्याचा हात धरला. गजाननने दोनदा दाबला.

"त्याचं गाव होतं, वं," ते म्हणाले. "माय पाहून राह्यली होती. आन् त्या दिवशी त्याले जिंकाचं होतं. तो ढिला हात कसा देईन?"

मग ठरल्याप्रमाणे त्याने त्यांना उचललं, आणि पाय वाकले. मी विचारलं, मग तुम्ही हसलात कशाला? त्यांनी तेही सांगितलं. गजाननला शेवटच्या क्षणी मरणप्राय पडून राहायची आणि मग एकदम उसळून उठायची सवय होती. लोकांना ते फार आवडायचं. गिधाडाने तेवढा वेळ हसायचं, असं त्यांचं दोघांचं ठरलेलं. "मले वाटलं, गजू सोंग करून राह्यला. मी त्याची उठाची वाट पाहून राह्यलो होतो. तो उठेस्तोवर हसत राह्यलो."

त्या संध्याकाळनंतर आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. पण आता मला त्यांचं एकटेपण दिसायला लागलं. त्यांच्या धंद्याचा एक नियम होता: नायक आणि खलनायक रिंगणाबाहेर कधीही एकत्र दिसायचे नाहीत. एका बसने यायचं नाही, एका टपरीवर चहा प्यायचा नाही. लोकांनी पाहिलं तर भांडण खोटं ठरतं. अकरा वर्षं हे दोन मित्र एका गावात उतरायचे आणि वेगवेगळ्या टोकांना जेवायचे. दिवसभर लढतीची बोलणी फोनवर, आणि शेजारच्या खोलीत असले तरी फोनवरच. सुखदेवभाऊंचं ठरलेलं लग्न मोडलं ते यातच. मुलीकडची माणसं म्हणाली, जो माणूस तोंड झाकून मार खातो आणि कुठे जातो ते सांगत नाही, त्याला मुलगी कशी द्यायची. यांनी खुलासा केला नाही. नियम म्हणजे नियम.

लढतीआधी मोबाइलवर धमकीचं भाषण रेकॉर्ड करून आयोजकांना पाठवावं लागे. ते हिंदीतून लिहून द्यायचं काम पुढे माझ्याकडे आलं. मी पहिल्यांदा मोठ्या उत्साहाने लिहिलं, मैं आपको निश्चित रूप से पराजित करूँगा. त्यांनी कागद दोनदा वाचला. "पोरी, मी त्याले मारून राह्यलो, त्याचा सत्कार नाही करून राह्यलो. 'आपको' काढ." मी त्याच्या हाडांबद्दल काही तरी लिहिलं, तर म्हणाले, एवढंही नको, तो दोन पोरांचा बाप आहे. मुखवटा चढवून ते खोलीत एकटेच गर्जायचे, आणि काकू बाहेरून सांगायच्या की सुखदेव, वरण उतू जाईल, गॅस बंद कर.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते उमरेडला जात. गावाने त्यांचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. अपघातानंतर महिन्याभराने ते उघड्या तोंडाने, हातात कापडाच्या तुकड्यांची पिशवी घेऊन गजाननच्या दारात उभे राहिले होते. गजूचा नागपूरचा दोस्त, कापडाच्या दुकानात असतो, एवढीच ओळख दिली. तेव्हापासून गजाननची आई त्यांना कपडेवाला बाबू म्हणायची.

एकदा मी घरी उमरेडला निघाले होते, तर आम्ही एकाच बसने गेलो आणि मीही त्यांच्याबरोबर त्या घरी गेले. गजानन खाटेवर उशांना टेकून बसला होता. खांदे अजून पहिलवानाचे, पाय मात्र चादरीखाली काठ्यांसारखे. सुखदेवभाऊंनी त्याची दाढी केली, नखं कापली, त्याला कुशीवर वळवून पाठीला पावडर लावली. दोघं जास्त बोलत नव्हते. आई आतून चहा घेऊन आली आणि पदराने डोळे पुसत नेहमीचं बोलणं सुरू केलं. ते काळं गिधाड नागपुराकडंच राहते म्हणतात. बाबू, तू एवढा बजारात फिरतो, तुले कधी दिसलं तर सांगजो. त्याचं मढं निंगो.

"हो माय," सुखदेवभाऊ म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. दर महिन्याला हे ऐकायला का जाता, आईंना सांगून का टाकत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, मी सांगायला निघालो होतो, गजूच नाही म्हणाला. गजाननचं म्हणणं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं: "गिधाड माहा दोस्त हाय असं कळलं तं लढाई खोटी होती हे बी कळते. पाय गेले माहे. आता शेर म्हणतात, तेवढंच उरलं. तेबी नेतोस का?"

"मंग मी काय बोलू?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण वाटते वं कधी कधी. एका माणसाले तरी माहीत पाहिजे का आम्ही वैरी नव्हतो." मी म्हटलं, मला माहीत आहे ना. त्यांनी मान हलवली. मी ती व्यक्ती नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. त्यांना ते गजाननच्या आईला माहीत व्हायला हवं होतं.

पुढे दोन वर्षांनी मी परीक्षा पास झाले. गडचिरोलीला नेमणूक मिळाली. पेढे द्यायला गेले तर त्यांनी पेढा हातात धरून ठेवला आणि माझ्या वडिलांचं नाव विचारून घेतलं. म्हणे, त्यांच्या पोरीचा पेढा आहे, नाव घेऊन खावा. रुजू व्हायच्या दोन आठवडे आधी वडिलांचा फोन आला. गजानन गेला होता. पाठीला जखम झाली होती, ती चिघळली.

सुखदेवभाऊ तेव्हा छत्तीसगडात एका मेळ्यावर होते. निरोप मिळाला तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. तेरवीला आम्ही दोघं बरोबर गेलो. पांढरा सदरा त्यांनी इस्त्री करून घेतला होता. बस कुहीच्या फाट्यापुढे गेली तेव्हा ते एकदम म्हणाले, "आज मायले सांगतो. आता अडवाले गजू नाही." काय सांगणार, असं मी विचारलं. "मीच तो. त्यानं दोनदा हात दाबला म्हणून थांबलो नाही. मारलं तं मारलं तिनं." ते शांत होते. इतकी वर्षं पाठीवर उचललेलं काही तरी खाली ठेवायला निघालेल्या माणसासारखे.

गजाननच्या दारासमोर मंडप घातला होता. कनातीला त्याचा मोठा फोटो, कमरेला पट्टा, हाताच्या मुठी वळलेल्या. गावातली निम्मी माणसं आली होती. आई फोटोखाली सतरंजीवर बसली होती. सुखदेवभाऊ तिच्याजवळ जाऊन बसले, तिचा हात हातात घेतला. मी थोडी मागे होते. ते म्हणाले, "माय, तुले एक सांगाचं हाय."

ती म्हणाली, सांग बाबू.

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांवरून कुणी तरी बोललं. पुण्याला नोकरी करणारा गावातलाच एक तरुण होता. मनाने वाईट नसावा. शेजारच्याला समजावून सांगत होता, पण मंडपात नेमकी शांतता पडली होती. "अरे, ते सगळं नुरा असते. आधीच ठरवते कोण जिंकणार ते. गजूभाऊ चांगले होते, पण लढत बिढत काही नव्हती ती."

दोन-चार माणसं खाली बघायला लागली. कुणी त्याला गप्प केलं नाही, कारण अलीकडे मोबाइलवर बघून बघून बऱ्याच जणांना तसंच वाटू लागलं होतं. आईने मान वळवून त्या तरुणाकडे पाहिलं. मग सुखदेवभाऊंकडे. तेरा दिवसांत रडून चेहरा सुजला होता, तरी त्या चेहऱ्यावर मी जी भीती पाहिली ती त्या क्षणीच आली.

"का रे बाबू," ती म्हणाली, "तू तं त्याचा दोस्त. खोटं होतं का माह्या गजूचं?"

सुखदेवभाऊंनी तिचा हात सोडला नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, फोटोकडेही नाही. खाली सतरंजीकडे बघत होते. मला वाटलं, आता सांगतील. सांगण्याची सगळी वाट उघडी होती. फक्त एक हो म्हणायचं होतं.

ते उठून उभे राहिले.

"कोण म्हणते खोटं?" आवाज एवढा मोठा होता की मी दचकले. मुखवट्याशिवाय तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी होतो त्या दिवशी मैदानावर. मी पाह्यलं. गजूले कोणी हरवू शकत नव्हतं. त्या गिधाडानं दगा केला. फळी सरकवली त्यानं, मंग मानेवर लाथ मारली. माणूस नव्हता तो. गजू तशा मानेनं उठला आन् त्याले उचललं. एवढं वजन! तुमच्यातल्या कोण्या पोरानं उचलून दाखवावं."

तो पुण्याचा तरुण खुर्चीतून उठून पुढे आला होता. कुणी म्हातारा म्हणाला, बरोबर आहे, मीही पाहिलं. दुसरा म्हणाला, लाथ मारली होतीच. गिधाडाला दोन शिव्या पडल्या, आणि सुखदेवभाऊंनी त्यांत स्वतःची तिसरी घातली. माणसं खुर्च्या सरकवून त्यांच्याभोवती जमू लागली. सुरुवातीपासून सांगा, असं कुणी तरी म्हणालं, आणि त्यांनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं: कोण कोणत्या कोपऱ्यात होतं, पहिला डाव कुणाचा, चपला कोणत्या बाजूने आल्या. आईचं रडणं थांबलं होतं. ती मान वर करून, तोंड थोडं उघडं ठेवून ऐकत होती.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी गडचिरोलीला हजर व्हायचं होतं. शेवटची सोयीची बस चुकली असती. मी त्यांना खूण केली, पण त्यांनी पाहिलं नाही. त्यांची-माझी भेट पुन्हा झाली नाही. पुढे काकूंना फोन केला तेव्हा कळलं, त्यांनी खोली सोडली आणि रायपूरकडे गेले. पत्ता ठेवला नाही. कापडाचा एक तुकडा माझ्यासाठी ठेवून गेले होते, फिकट निळा. त्याचा मी अजून ब्लाउज शिवलेला नाही.

त्या दिवशी मंडपाबाहेर रस्त्यावर येऊन मी एकदा मागे वळून पाहिलं. गर्दीत ते दिसत नव्हते. माणसांच्या डोक्यांवर फक्त त्यांचे दोन हात वर आले होते, तळवे आकाशाकडे, कोपर ताठ. शेराने त्या राक्षसाला कसं उचललं होतं, ते ते लोकांना दाखवत होते.